वेटिंग रूममधला पक्ष

१२ जून

प्रिय धाकट्या,

तुझा पत्ता मावशीकडून मिळाला. ताईला सांगायचा नाही, अशी तू तिला शपथ घातली होतीस म्हणे. तिनं शपथ पाळली. सांगितला नाही, लिहून दिला.

हे पत्र माफी मागायला नाही आणि तू मागावीस म्हणूनही नाही. तुला पक्षातून काढायच्या ठरावावर मी हात वर केला होता, तो आज विचारलं तरी करीन. वर्तमानपत्रं बंद पाडायच्या कायद्याला मत द्यायचं नाही असं पक्षानं ठरवलं होतं. तू मंत्री होतास, तू दिलंस. मग तू देश सोडलास आणि माझ्याशी बोलणं टाकलंस. मीही काही कमी नाही, त्याआधी आलेले तुझे फोन नुसते वाजू दिले. पाच वर्षं झाली त्याला. राग आता पार शिळा झालाय. उरलंय ते कुतूहल, आणि ते काही केल्या जात नाही.

आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून तू पक्षाचं पहिलं पत्रक लिहिलंस. ‘जो आपल्याला मुळीच आवडत नाही त्यालाही बोलू द्यावं’ हे वाक्य तुझं. मी त्यात एक स्वल्पविराम घातला म्हणून तू दोन दिवस फुगून बसला होतास. असा माणूस तिथपर्यंत पोचला कसा? एकदम कोणी पोचत नाही. दाढही एकदम किडत नाही रे. आधी एक बारीक काळा ठिपका असतो, पेशंटला तो दिसत नाही, मला दिसतो. तुझा मला दिसला नाही. म्हणून विचारते. पहिली गोष्ट कोणती होती, जिला तू ‘हो’ म्हणालास?

इकडची बातमी म्हणजे पक्ष मेलेला नाही. तुझ्याबरोबर गेलेले तिघं मोठ्या पक्षात साखरेसारखे विरघळले. कार्यालय गेलं, फोन गेला. उरलेली मंडळी दर बुधवारी माझ्या दवाखान्यात जमतात, शेवटचा पेशंट गेला की. ज्यांनी तुला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं आणि मग तुझ्याच बरोबरीनं पक्ष काढला ते मास्तर आता अध्यक्ष आहेत. गुडघे गेलेत, आवाज शाबूत आहे. वेटिंग रूमच्या भिंतीवर किडलेल्या दाढेचं मोठं चित्र आहे, ते तुला आठवत असेल. त्याच्याखाली बसून ते आम्हाला सांगतात की सरकारनं थोडीच कामं करावीत पण नीट करावीत, कायदा सगळ्यांना एकच असावा, आणि ज्याला काम येतं त्याला ते करायला कोणाच्या शिक्क्याची वाट बघावी लागू नये. एका वर्तमानपत्रानं आम्हाला ‘वेटिंग रूममधला पक्ष’ म्हणून हिणवलं. मास्तर भडकले. मला नाव आवडलं.

निवडणूक ऑक्टोबरात आहे. आपल्या मतदारसंघातून कोण उभं राहणार ते अजून ठरलेलं नाही.

तुझे भावोजी बरे आहेत. आयुष्यभर पूल बांधले, आता बागेत गोगलगायी वेचतात.

तुझी ताई


९ ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

उत्तर नाही. ठीक आहे, मी टपालखात्याला नावं ठेवते आणि पुढे लिहिते.

मागच्या पत्रात एक गोष्ट लपवली होती. उमेदवार तेव्हाच ठरला होता. मी.

झालं असं की मास्तरांनी विचारलं, “कोण उभं राहतंय?” आणि सगळेजण एकदम भिंतीवरची दाढ निरखायला लागले. मी आत हात धुवायला गेले होते. बाहेर येते तर टाळ्या चालू.

“सर्वानुमते,” मास्तर म्हणाले.

“मी कुठे हो म्हणाले?”

“नळ चालू होता. ‘नाही’ काही आम्हाला ऐकू आलं नाही.”

घरी आल्यावर भावोजी म्हणाले, “निवडून आलीस तर दवाखान्याचं काय?”

“कसली येतेय निवडून!”

“मग उभी कशाला राहतेस?”

त्यांना उत्तर दिलं नाही, तुला देते. तू जिथे गेलास आणि दुसराच होऊन बाहेर आलास, ती जागा मला आतून बघायची आहे.

प्रचार म्हणजे काय सांगू! मी दारात उभी राहते, पत्रक पुढे करते, आणि माणसं आ वासतात. “आलाच आहात तर ही मागची जरा बघा हो.” काल बेकरीवालीनं विचारलं, “तुमचं सरकार आलं तर आम्हाला काय देणार?” म्हटलं, “काही नाही. कमी घेऊ.” ती खुदकन हसली आणि आत ओरडली, “अहो, बाहेर या, एक खरं बोलणारी आलीय. पडणार बिचारी!”

माझ्यासमोर उभा आहे तोफ. कोपऱ्यावर टायर विकायचा आणि फावल्या वेळात भाषणं करायचा तोच. आता नुसती भाषणं करतो. तोंड उघडलं की चौक भरतो. गावातल्या सगळ्या दुःखाचं मूळ म्हणजे बाहेरून आलेली माणसं, आणि त्यांची बाजू घेणारे शहाणे. त्या शहाण्यांत मी. “दात काढणारी बाई उद्या तुमच्या पोरांच्या तोंडचा घास काढेल!” वाक्य इतकं झकास जमलं होतं की मी टाळी वाजवता वाजवता राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पाटीवर डांबर फासलेलं होतं.

पण डांबरापेक्षा अवघड गेलं ते वेगळंच. शाळेच्या हॉलमध्ये माझी सभा होती, माणसं बेताचीच. मागून एक तरुण मुलगी उठली.

“मीही दातांची डॉक्टर आहे. तुमचा पक्ष म्हणतो, ज्याला काम येतं त्याला करू द्या. मग तुमची संघटना मला तुमच्या समोर दवाखाना का उघडू देत नाही?”

तुला नियम ठाऊक आहे. नव्या दवाखान्याला त्या भागातल्या जुन्या डॉक्टरांची लेखी संमती लागते. आमच्या भागात जुनी डॉक्टर एकच. तिचा अर्ज माझ्याकडे दोनदा येऊन गेला होता आणि दोन्ही वेळा मी त्यावर ‘विचाराधीन’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. पहिल्या रांगेत मास्तर चष्मा पुसत होते, म्हणजे त्यांना माझ्याकडे बघायचं नव्हतं.

“कागद आणलाय?” मी विचारलं.

तिनं आणला होता. तिथेच सही केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र पेनाचं टोपण लावताना मनात पेशंट मोजत होते. तिनं महिन्याभरात बरोब्बर समोर पाटी लावली. आम्ही तिला ‘समोरची’ म्हणतो. तिचे हात हलके आहेत असं माझेच पेशंट मला सांगतात. शहरातले बाकीचे दंतवैद्य खवळलेत आणि संघटनेनं तिच्यावर दावा लावलाय, सभेत घाईनं केलेली एकटीची सही ही संमतीच नव्हे म्हणून.

तू आता हसत असशील. हस.

ताई


१९ ऑगस्ट

धाकट्या,

तुझं कार्ड आलं. एका बाजूला कारंज्याचं चित्र, दुसऱ्या बाजूला चार शब्द: “गाडी. पाय मुरगळला होता.”

मी इतकी हसले की भावोजी बागेतून पळत आले. म्हणजे मंत्री झाल्यावर सरकारी गाडी घेणार नाही असं तू जाहीर सभेत सांगितलंस, आणि पायऱ्यांवर पाय मुरगळला म्हणून पहिल्या दिवशी तीत बसलास? आणि दुसऱ्या दिवशी? पाय बरा कधी झाला?

एवढ्यानं भागत नाही. पुढचं लिही.

ताई


४ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

मी निवडून आले. पुन्हा वाच. मीही दोनदा वाचलं.

दोन मोठे पक्ष एकमेकांची उणीदुणी काढण्यात इतके दमले की मी मधून निसटले. तोफ थोडक्यात पडला. मास्तर रडले, मग म्हणाले सर्दी झाली आहे. भावोजींनी हात धुतले आणि विचारलं, “मग आता माझी कवळी कोण बघणार?” समोरची बघतेय. बरी बसली म्हणतात.

आता खरी गंमत. सभागृहात दोन्ही बाजू बरोबरीत आहेत. ज्या बाजूला मी, ती जिंकणार. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून इतके जुने मित्र उगवलेत की एवढे मित्र असताना आम्ही नवराबायको इतकी वर्षं दोघंच का जेवत होतो कळत नाही.

पंतप्रधानांनी बोलावलं. तीच खोली, धाकट्या. शिपाई तोच आहे, लांब कानांचा. मला बघून म्हणाला, “तुमचे बंधू या खुर्चीत बसायचे, खिडकीकडे पाठ करून. डोळ्यांवर ऊन यायचं ना.” मी त्याच खुर्चीत बसले. गुबगुबीत आहे. तिच्यात बसलं की पाय जमिनीवर पुरते टेकत नाहीत, हे तुझ्या लक्षात आलं होतं का?

पंतप्रधानांचा आवाज मऊ आहे. सुई टोचायच्या आधी मी काढते तसा.

“डॉक्टर, परवान्यांची तुमची मागणी किती जुनी?”

“पक्षाइतकीच.”

“न्हावी, बेकरीवाला, दंतवैद्य. नवा धंदा काढायचा तर जुन्यांची संमती लागते, ती अट रद्द करायची. हेच ना?”

“हेच.”

“येत्या अधिवेशनात आणतो. शब्द देतो. त्याआधी आमचं एक छोटंसं विधेयक आहे, तेवढं बघा.”

छोटंसं विधेयक असं आहे. ज्याच्या बोलण्यानं शांतता बिघडेल असं सरकारला वाटेल, त्याच्या सभा बंद. आणि सहा महिने आत, खटल्याशिवाय.

“हे तोफसाठी का?” मी विचारलं.

“कायदा कोणा एकासाठी नसतो.”

“पण सुरुवात त्याच्यापासून.”

ते हसले. “तुमच्या पाटीवर डांबर कोणी फासलं होतं, डॉक्टर?”

आता तुला खरं सांगते, आणि हे मी मास्तरांनाही सांगितलेलं नाही. त्या क्षणी मला ते विधेयक आवडलं. नुसतं चाललं असतं असं नाही, आवडलं. तोफ गप्प झालेला चौक डोळ्यांसमोर आला आणि फार शांत वाटलं. तुलाही असंच झालं होतं का? कोणाचं तोंड आलं होतं तुझ्या डोळ्यांसमोर?

निघताना त्यांनी गाडी बोलावली. मी चालत आले. पाय ठणठणीत होते आणि तुझं कार्ड पर्समध्ये होतं.

विचार करायला वेळ मागून घेतलाय.

ताई


१७ जानेवारी

प्रिय धाकट्या,

बुधवारी पक्षाची सभा झाली. इतकी माणसं आली की दारात उभी होती. जिंकल्यावर सभासद वाढतात, हा एक नवा शोध. समोरचीही आता सभासद आहे.

सगळ्यांना सौदा हवाय. मीही मांडताना अगदी सरळ मांडला, कोणत्याही बाजूला कललेला नाही.

मास्तर शेवटी बोलले. बसूनच बोलले. “तीस वर्षं मी परवान्यांवर लिहितोय. माझे विद्यार्थी म्हातारे झाले. मला एकदा, एकदाच, आपलं काहीतरी कायद्याच्या पुस्तकात छापलेलं बघायचंय. आणि तोफसाठी कोण रडणार आहे?”

“आपल्या पत्रकात लिहिलंय,” मी म्हटलं, “आवडत नाही त्यालाही...”

“लिहिलंय,” ते म्हणाले. “ज्यानं लिहिलं त्याचं काय झालं, तेही ठाऊक आहे.”

ते लागलं मला. तुलाही लागेल, म्हणूनच लिहिते.

समोरची म्हणाली, “ताई, संघटनेचा दावा मार्चमध्ये निकालाला येतोय. कायदा बदलला तर मी वाचते. नाही बदलला तर मला दुकान गुंडाळावं लागेल. मला मोठंमोठं काही बोलता येत नाही. मला दवाखाना हवाय.”

यावर काय बोलशील?

मतं घेतली. सौद्याच्या बाजूनं ठराव झाला, चांगल्या फरकानं. तुझ्या प्रकरणानंतर आम्ही घटनेत एक कलम घातलं होतं: पक्षाच्या ठरावाविरुद्ध सभागृहात मत देणारा सभासद पक्षाबाहेर. मसुदा माझाच. भाषा चोख आहे, पळवाट नाही. मीच बघितलं होतं.

आणि मग काल, दुपारी, एकही पेशंट नसताना, दवाखान्यात कोण यावं? तोफ. गालाला रुमाल बांधलेला, एका बाजूला लिंबाएवढी सूज.

“समोरच्या बाईंकडे गर्दी आहे,” तो कसाबसा म्हणाला. शब्द फुटत नव्हता बिचाऱ्याला.

“बसा. तोंड उघडा.”

खालची मागची दाढ, मुळापर्यंत गेलेली. भूल दिली आणि ती चढेपर्यंत बसून राहिलो दोघं. तो छताकडे बघत म्हणाला, “मला आत टाकताय म्हणे.”

“अजून ठरलं नाही.”

“टाका. मी तुमच्या जागी असतो तर तुम्हाला केव्हाच टाकलं असतं.”

“खरंच?”

“म्हणजे काय! पहिल्या आठवड्यात.”

मला ते फार रंजक वाटलं. इतक्या मोकळेपणानं माझ्याशी कोणी बोललंच नव्हतं गेल्या कित्येक महिन्यांत. मी विचारलं, “समजा मी तुमच्या बाजूनं मत दिलं, तुमचं तोंड उघडं ठेवलं. तर उद्या माझी पाळी आली तेव्हा तुम्ही माझ्या बाजूनं द्याल?”

त्यानं खरोखर विचार केला. जीभ जड झाली होती तरी नीट म्हणाला, “नाही.”

“मग मी का द्यावं?”

“ते तुमचं तुम्ही बघा,” तो म्हणाला. “चढली वाटतं भूल.”

दाढ काढली. कापूस दाबून धरायला सांगितला, दोन दिवस भाषण बंद म्हणून सांगितलं. तो हसायला गेला आणि कळवळला.

मला तो आवडला नाही, धाकट्या. आजही आवडत नाही. पाटीवरच्या डांबराबद्दल एक शब्द बोलला नाही. पण तो गेल्यावर मी बराच वेळ हातमोजे घालूनच बसून राहिले.

गाडीच्या पुढचं तू अजून लिहिलेलं नाहीस. आता लिही. गरज आहे.

ताई


२ मार्च

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र मतदानाच्या आदल्या दिवशी पोचलं. पाच वर्षांत पहिलं. उभ्यानंच वाचलं, मग बसून वाचलं.

गाडीनंतर भाषण. ते दुसऱ्या कोणीतरी लिहून दिलेलं, कारण तुला वेळ नव्हता. मग एका मित्राला दिलेला शब्द. मग तो कायदा. ‘एकच वर्षासाठी आहे असं मला सांगितलं आणि मी ते खरं मानलं, कारण मला ते खरं हवं होतं.’ हे वाक्य मी भावोजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “पूल असाच पडतो. भेग दिसते, पण उद्घाटन ठरलेलं असतं.” आणि शेवटी तू लिहिलंस की मी काय करावं ते सांगायचा अधिकार तू घालवून बसलायस. ते बरं केलंस. सांगितलं असतंस तर मी हट्टानं उलटं केलं असतं.

सभागृहात नावं पुकारतात तेव्हा आपलं नाव किती परकं वाटतं! सगळ्या माना माझ्याकडे वळलेल्या. गॅलरीत मास्तर काठीवर हनुवटी टेकून बसलेले. मी “नाही” म्हणाले. आवाज बारीक आला म्हणून सभागृहाच्या अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. पुन्हा म्हणाले, जरा जोरात.

विधेयक पडलं. संध्याकाळच्या आत परवान्यांचं विधेयक मागे घेतल्याची सूचना फळ्यावर लागली. तोफनं चौकात मिरवणूक काढली आणि सांगितलं की आपल्याला बघून बाई टरकली.

बुधवारी माझी पाळी. मास्तरांनीच ठराव वाचला. म्हणाले, “कलम स्पष्ट आहे. तुम्हाला काही म्हणायचंय?”

“कलम चांगलं आहे,” मी म्हटलं. “पाळा.”

सगळ्यात आधी हात वर झाला समोरचीचा. सरळ, कोपर न वाकवता. मग बाकीचे. मास्तर अध्यक्ष म्हणून मत न देता बसले आणि त्या सवलतीचा त्यांनी एवढा आधार घेतलेला मी प्रथमच पाहिला.

म्हणजे मी पक्षाबाहेर. पण सभा अजून संपलेली नव्हती, आणि बाहेरच्या माणसाला सभेत बसता येत नाही. आणि दवाखाना माझा! मग मी आत जाऊन पेशंटच्या खुर्चीत आडवी झाले. दाराआड मंडळी माझ्याबद्दलचं निवेदन तयार करत होती. आतून ओरडून सांगावं लागलं, “‘खेद’ दोनदा आलाय, एक काढा!” मग मास्तरांचा आवाज, “काढला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरची रस्ता ओलांडून आली.

“राग आलाय, ताई?”

“आलाय.”

“मलाही. दवाखाना गेला तर तो तुमच्यामुळे.”

“हो.”

ती दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, “दुपारी एक आडवी अक्कलदाढ आहे. बघायला याल? मी अशी काढलेली नाही कधी.”

गेले. तिनंच काढली, मी नुसता आरसा धरला.

तू लिहिलंयस, ‘आता या पक्षात आपण दोघंच, हाकललेल्यांच्या.’ विनोद बरा आहे. पण मी तुझ्या पक्षात नाही, धाकट्या. तू ‘हो’ म्हणून बाहेर पडलास, मी ‘नाही’ म्हणून. दारं वेगळी होती. तू रागावू नकोस. मला हे तुझ्याशी भांडतच बोलायचं होतं, आणि भांडायला तू परत मिळालास याचा आनंद झालाय.

ताई


११ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

तू येतोयस हे वाचून भावोजींनी गोगलगायींना सुट्टी दिली आणि खालची खोली रंगवायला घेतली. रंग कोणता ते विचारू नकोस. उरलेला होता.

मधल्या काळात काय काय झालं ते आल्यावर निवांत सांगेन, आत्ता थोडक्यात. सरकार उन्हाळ्यातच कोसळलं. फेरनिवडणुकीत मी अपक्ष उभी राहिले आणि सपाटून पडले. बेकरीवालीनं मत दिलं म्हणे, तिच्या नवऱ्यानं नाही. आपल्या पक्षाला एकही जागा नाही. जिंकल्यावर आलेले सभासद आले तसे गेले. तोफ निवडून आला, गृहमंत्री झाला, आणि पहिल्याच महिन्यात तेच विधेयक घेऊन आला. सभा बंद, सहा महिने आत. नाव तेवढं बदललंय. या वेळी कोणाच्या एका मताची गरज नव्हती. गेल्या महिन्यात ते आरामात मंजूर झालं.

मला धक्का बसला नाही. त्यानं मला आधीच सांगितलं होतं.

संघटनेनं दावा जिंकला. समोरचीची पाटी उतरली. मी दुसरी खुर्ची घेतली, ती आता माझ्याच दवाखान्यात बसते. एकाच दवाखान्यात दोघींनी काम करायला कोणाची संमती लागत नाही, हे तिनंच नियमावलीतून शोधून काढलं. आम्ही दिवसभर भांडतो. तिच्या मते मी भूल फार देते.

मागच्या आठवड्यात मास्तर आले. जिना चढून आले, मध्ये दोनदा बसले. चहा घेतला, मासिक चाळलं, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मी वाट बघत होते.

“तुमच्याबद्दलचा ठराव मागे घ्यावा,” ते शेवटी म्हणाले, “असं काहींचं मत आहे.”

“काहींचं म्हणजे कोणाकोणाचं?”

“माझं.”

मग चष्मा पुसला, पण या वेळी पुसता पुसता माझ्याकडेच बघत होते. “मला तो कायदा छापलेला बघायचा होता,” ते म्हणाले. “हा छापून आलाय. दुसराच.”

बुधवारी मतदान झालं आणि मी पुन्हा सभासद झाले. समोरचीनं विरोधात मत दिलं. तिचं म्हणणं, कलम म्हणजे कलम, ते माणूस बघून वाकवायचं नसतं. तिचं बरोबर आहे आणि मला ती फार आवडते.

पुन्हा पक्षात घ्या म्हणून तू पाठवलेला अर्जही मास्तरांनी वाचून दाखवला. त्यावर निर्णय झालेला नाही. मीच म्हटलं, त्याला येऊ द्या, समोर बसू द्या, मग आपण त्याला विचारू. मी काय मत देईन ते मला खरंच माहीत नाही. आधी माहीत असतं तर तुला बोलावण्यात काय अर्थ होता?

आता नीट वाच. शनिवारी दुपारी आम्ही चौकात सभा घेतोय. परवानगी मागितली होती, नाकारली. तरी घेतोय. मास्तरांना मनाई केलीय, त्यांच्या छातीला आता तुरुंग सोसायचा नाही. बोलणार मी आणि समोरची. तुझी गाडी शनिवारी सकाळी पोचते. भावोजी स्टेशनवर येतील. तू थेट घरी जा, जेव, झोप काढ. आम्ही संध्याकाळपर्यंत परतलो नाही तर घाबरून जाऊ नकोस. तुझ्या ओळखीच्या कोणाला फोन करायचा नाही, जुन्या खात्यातल्या तर मुळीच नाही. आमच्या वकीलबाईंना सगळं सांगून ठेवलंय. सोमवारच्या पेशंटांना कळवायचं काम तुझं, यादी टेबलावर आहे. त्यातले दोघं सुईला घाबरतात, त्यांच्याशी गोड बोल.

पण तू ऐकणार नाहीस. तू चौकातच येणार, मला ठाऊक आहे. मग निदान टोपी घालून येऊ नकोस. मी स्टुलावर उभी असेन, आणि तुझे केस किती उरलेत ते मला लांबूनच बघायचंय.

तुझीच,
ताई